प्रार्थना होईपर्यंत

साळवे सिस्टर अकराव्या प्रश्नावर येऊन अडल्या. त्यांनी चष्मा काढला, ॲप्रनच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि हात वर केला.

"मॅडम, ह्यातलं एकबी बराबर नाय."

"म्हणजे?"

"हे चार दिलेत ना, अ ब क ड. ह्यातलं आमचं एकबी नाय. बाजूला लिहू का?"

ओपीडीच्या बाकांवर अंतर ठेवून बसवलेल्या वीस-एकवीस नर्सेस फिदीफिदी हसल्या. "उत्तर चारांपैकीच आहे, सिस्टर. खूण करा आणि पुढे चला," मी म्हणाले. प्रश्नपत्रिका मीच काढली होती, त्यामुळे उत्तर कुठं आहे ते मला माहीत होतं. त्या काळात मला बहुतेक सगळंच माहीत असायचं.

ही २००९ सालची गोष्ट. एमएस्सी नर्सिंगचं सुवर्णपदक घेऊन मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, ट्रस्टच्या हॉस्पिटलात चार महिन्यांपूर्वी रुजू झाले होते. हुद्दा 'इन्फेक्शन कंट्रोल नर्स'. असा हुद्दा त्या हॉस्पिटलात पहिल्यांदाच आला होता. मी नेमकं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून वयानं मोठ्या नर्सेससुद्धा मला मॅडम म्हणायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

परीक्षा कशाची, तर कल्चरसाठी रक्त कसं काढायचं याची. पेशंटचा ताप उतरेना आणि जंतू रक्तातच गेलेत अशी शंका आली, की रक्त काढून एका खास बाटलीत भरतात आणि लॅबमध्ये उबेला ठेवतात. रक्तात जंतू असले तर बाटलीत वाढतात. मेख एवढीच, की रक्त काढताना पेशंटच्या चामडीवरचे नाहीतर नर्सच्या बोटावरचे जंतू सुईबरोबर आत गेले, तर तेही बाटलीत तितक्याच आनंदानं वाढतात. मग डॉक्टर नसलेल्या आजारावर जोरात औषधं सुरू करतात. शंभरात दोन-तीन बाटल्या अशा खराब निघाल्या तर चालून जातं. आमच्याकडे चौदा निघत होत्या.

हे कुणाच्या हातून होतंय ते शोधायचं काम माझ्याकडे आलं. मेट्रन भाकरे मॅडमनी त्याला स्वतःची धार लावली होती. निम्म्याहून कमी गुण पडतील ती नर्स आयसीयूतून बाहेर, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. आता, कुणाच्या हातून होतंय याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नव्हती. फक्त ते कागदावर आणायचं होतं.

एस्तेर साळवे. साडेछप्पन्न वर्षांच्या, मिशनच्या दवाखान्यात शिकलेल्या, इंग्रजी नाव वाचताना ओठ हलवणाऱ्या. आयसीयूत चारच खाटा होत्या तेव्हापासून त्या तिथं होत्या. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. तिथूनच निवृत्त व्हायचं एवढी एकच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी हॉस्पिटलात झाडूवाल्या मावशींपासून ट्रस्टींपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवली होती.

पेपर तपासले. साळवे सिस्टरना वीसपैकी सात. अकरावा प्रश्न होता: 'कातडीला जंतुनाशक लावल्यानंतर सुई टोचण्यापूर्वी किती वेळ थांबावे?' बरोबर उत्तर, तीस सेकंद. औषध वाळेपर्यंत. वाळल्याशिवाय ते जंतू मारत नाही. साळवे सिस्टरनी अ ब क ड यांपैकी कशालाच हात न लावता बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'प्रभूची प्रार्थना होईपर्यंत.'

मी तो कागद मेट्रनच्या केबिनमध्ये मोठ्यानं वाचून दाखवला. भाकरे मॅडमना हसता हसता ठसका लागला.

"आता प्रत्यक्षातही बघून ये एकदा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "नाहीतर म्हणतील, नुसत्या लिहिण्यावरून काढलं."

दुसऱ्या दिवशी मी हातात तक्ता घेऊन आयसीयूत साळवे सिस्टरच्या शेजारी उभी राहिले. पेशंट एक म्हातारे गृहस्थ होते. सिस्टरनी हात धुतले, पट्टा बांधला, शीर चाचपली. मग सुईचं टोपण उलटं धरून शिरेच्या जागी कातडीवर दाबलं. तिथं एक गोल वळ उठला.

"हे काय?"

"खूण, मॅडम. मंग परत हात लावाया लागत नाय."

मी तक्त्यावर लिहिलं, 'अशास्त्रीय पद्धत.' सिस्टरनी त्या वळाभोवती औषध लावलं, आतून बाहेर गोल गोल, मग हातमोजे बदलले. आणि दोन्ही हात छातीपुढे वर धरून, कशालाही न शिवता, डोळे मिटून पुटपुटायला लागल्या. म्हातारेबुवांनीही भीतीनं डोळे मिटून घेतले. आपली वेळ आली असं त्यांना वाटलं असावं.

"सिस्टर, किती वेळ?"

त्यांनी मान हलवली. मधे बोलायचं नाही असा त्याचा अर्थ. प्रार्थना संपली, तेव्हा डोळे उघडून त्यांनी एका झटक्यात सुई घातली. रक्त आलं. मी लिहिलं, 'वेळेचा अपव्यय. रुग्णासमोर धार्मिक वर्तन.' आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

शुक्रवारी भाकरे मॅडमनी साळवे सिस्टरना बोलावलं. मीही होते. सोमवारपासून लिनन रूम, म्हणजे हॉस्पिटलच्या चादरी-कपड्यांचं कोठार, असं मॅडमनी सांगितलं.

"मॅडम, दीड वरीस ऱ्हायलंय. मला आयसीयूतनंच रिटायर होऊ द्या. परीक्षा परत द्यायला तयार हाय मी. ह्या कल्याणी मॅडमनी शिकवावं, मी शिकंन."

"सिस्टर, प्रश्न गुणांचा नाही," भाकरे मॅडम म्हणाल्या. "लोकांच्या जिवाचा आहे. तुमच्या बाटल्यांमुळे बऱ्या माणसांना औषधं द्यावी लागतात."

साळवे सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "माझ्या बाटल्यांनी?"

"सगळं तसंच दिसतंय, सिस्टर," मी म्हणाले. खरं तर अजून काहीच दिसलेलं नव्हतं.

ते दिसलं शनिवारी दुपारी. आमचे लॅबवाले डॉ. कुंटे, कमी बोलणारे आणि जे बोलतील ते चष्म्यावरून बघत बोलणारे. ते एक रजिस्टर घेऊन आले.

"तीन महिने मी प्रत्येक बाटलीवर रक्त काढणाऱ्याची आद्याक्षरं लिहून घेतली आहेत. मी त्यात डोकं घातलेलं नाही. नर्सेसचं नर्सेसनी बघावं. तुम्हीच मांडा."

मी डबा बाजूला सारून उत्साहानं मांडायला बसले. एकूण दीडशे बाटल्या, खराब एकवीस. 'ए. सा.' म्हणजे एस्तेर साळवे. त्यांच्या सत्तेचाळीस बाटल्या. खराब? मी पानं पुन्हा चाळली. एकही नाही. 'क. उं.' म्हणजे कल्याणी उंबरकर, म्हणजे मी. कुणाची शीर सापडेनाशी झाली की मलाच बोलावायचे, त्यामुळे माझ्या बाटल्या सगळ्यांत जास्त, अठ्ठावन्न. त्यांतल्या खराब पंधरा. उरलेल्या सहा बाकी सगळ्या नर्सेसच्या मिळून.

लॅबनं घोळ घातलाय, हा माझा पहिला विचार. दुसरा विचार, मला अवघड पेशंट मिळतात. तिसरा विचार यायच्या आत मेल वॉर्डातून निरोप आला, की एका पेशंटची शीर मिळत नाही, मॅडमना पाठवा.

मी गेले. मुद्दाम सगळं नियमानं करायचं ठरवून गेले. पट्टा बांधला, शीर शोधली, औषध लावलं. लगेच सुई उचलली, आणि माझं डाव्या हाताचं पहिलं बोट, मी न सांगता, त्या ओल्या जागेवर जाऊन टेकलं. शीर तिथंच आहे ना, एवढं बघायला. मी बोटाकडे बघतच राहिले. ते नेहमीच असं जात असणार. मला 'हात चांगला आहे' म्हणायचे, तो हात हाच. नियमात होतं की पुसलेल्या जागेला पुन्हा हात लावायचा नाही. तो प्रश्न मीच काढला होता, नंबर नऊ. आणि औषध वाळायला तीस सेकंद थांबायचं, साळवे सिस्टरच्या प्रार्थनेएवढं, हा अकरा. मी आयुष्यात एकदाही थांबले नव्हते. थांबायची गरज त्यांना, ज्यांना शीर सापडत नाही, अशी माझी समजूत होती.

"मॅडम, टोचताय ना?" पेशंट म्हणाला.

मी सगळं टाकून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. सुईचं टोपण कातडीवर दाबून वळ उठवला. औषध लावलं. थांबायचं कसं, हा प्रश्न होता. आकडे मोजायला घेतले तर बारावर बोट वळवळायला लागलं. प्रार्थना मला कुठली येत नव्हती. शेवटी मनातल्या मनात शाळेतली प्रतिज्ञा म्हटली, अख्खी, हात वर धरून. पेशंटनं डोळे मिटून घेतले.

वॉर्डातून बाहेर पडले, तर दारात डोखे गुरुजी उभे. हे महिन्याभरापूर्वी आमच्याकडे होते. हातात पेढ्यांचा पुडा.

"तुम्हालाच शोधतोय, मॅडम. रक्तात जंतू झाले होते माझ्या. तुम्ही ते रक्त काढलंत म्हणून कळलं. नाहीतर साधा ताप म्हणून घरी पाठवत होते मला!"

"अहो, गुरुजी..."

"नऊ दिवस सलाईनमधून औषध चाललं. धाकट्या लेकीचा साखरपुडा हुकला, ही एक रुखरुख आहे. जागेवरून हलूच देईनात. पण जीव वाचला. घ्या, दोन घ्या."

रजिस्टरात गुरुजींचं नाव मी तासाभरापूर्वीच वाचलं होतं. त्यांच्या पुढे 'क. उं.' होतं आणि त्यापुढे लाल फुली. त्यांना साधा तापच आला होता. तो चार दिवसांत आपोआप उतरला असता आणि गुरुजी साखरपुड्यात मिरवले असते. मी दोन पेढे घेतले. एक त्यांच्यासमोर खाल्लाही. गोड होता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तशीच मेट्रनच्या केबिनमध्ये गेले. माझ्या फायलीत तो मांडलेला कागद होता.

"मॅडम, साळवे सिस्टरच्या ऑर्डरचं जरा थांबवता येईल का?"

"का गं? सही झाली. ट्रस्टींनाही कळवलं. तुझ्या कामाचं फार कौतुक केलं त्यांनी. तुझी नोकरी कायम करायचं पत्र याच महिन्यात निघेल म्हणाले." त्या माझ्या फायलीकडे बघत म्हणाल्या, "काही सापडलं का वेगळं?"

मी फाईल छातीशी धरली होती. तो कागद वरच होता, काढायला एक क्षण लागला असता.

"नाही," मी म्हणाले. "वयानं मोठ्या आहेत, म्हणून म्हटलं."

"मऊ आहेस फार," भाकरे मॅडम म्हणाल्या.

एक महिना जाऊ दे, माझं पत्र हातात येऊ दे, मग सांगू, असं मी स्वतःला बजावलं. सोमवारी साळवे सिस्टर लिनन रूममध्ये गेल्या. मी सगळ्या नर्सेसना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. हात लावायचा नाही, थांबायचं, वळ उठवायचा, सगळं शिकवलं. वळाला मी 'पूर्वखूण पद्धत' असं नाव दिलं. स्वतःही न चुकता प्रतिज्ञा म्हणत राहिले.

महिन्याअखेर आकडा आला. शंभरात चौदावरून चार.

भाकरे मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "बघा. एक माणूस हलवला, आणि केवढा फरक पडला!"

मला हे सुचलंच नव्हतं. माझं बोट आवरलं त्याच महिन्यात साळवे सिस्टर गेल्या होत्या, आणि कुणीही दोन अधिक दोन केले असते. आता कागद काढायचा म्हणजे नुसतं चुकले म्हणणं नव्हतं. महिनाभर माहीत असून गप्प बसले, हेही सांगावं लागलं असतं. नोकरी कायम झाल्याचं पत्र त्याच दिवशी माझ्या टेबलावर आलं होतं.

फक्त डॉ. कुंटे लॅबच्या दारात आडवे आले.

"साळवेबाई गेल्या आणि आकडा उतरला म्हणतात. ते रजिस्टर तुम्ही मांडलं होतं ना?"

"हो, सर."

"मग?"

"नावं लावली नाहीत. कुणा एकीवर ठपका नको म्हणून."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "उदार आहात," एवढं म्हणून आत गेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. कधी कधी वाटतं, त्यांनी दरडावून विचारायला हवं होतं. पण माझ्या बाजूनं दुसऱ्या कुणीतरी धैर्य दाखवावं, ही अपेक्षाच मुळात गमतीची.

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका परिषदेत मी त्यावर पोस्टर लावलं. 'रक्तनमुना संकलनाबाबत परिचारिकांचे ज्ञान व सराव'. निष्कर्ष असा, की ज्ञान वाढलं की सराव सुधारतो. पहिलं बक्षीस मिळालं. अकराव्या प्रश्नाचं ते उत्तर मी भाषणात सांगितलं, नाव न घेता. सभागृह खळखळून हसलं.

लिनन रूमवरून जायचं मी टाळायचे. कधी दिसल्याच, तर साळवे सिस्टर चादरींच्या घड्या घालत असायच्या, आणि मला पाहून उठून उभ्या राहायच्या. त्यांच्या मनात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दीड वर्षानं त्यांचा निरोपसमारंभ झाला, जेवणाच्या हॉलमध्ये. भाकरे मॅडम बोलल्या. साळवे सिस्टरच्या काळात लिननची एकही चादर गहाळ झाली नाही, असा त्यांनी खास उल्लेख केला. आयसीयूतल्या एकोणीस वर्षांबद्दल कुणी बोललं नाही. बोलायचं म्हणजे सगळ्यांना अवघड झालं असतं. शाल, नारळ, झेंडूचा हार. टाळ्या झाल्या, समोसे आले.

मी हात धुवायला बाहेरच्या नळावर गेले, तर साळवे सिस्टर मागून आल्या. हार गळ्यातच होता.

"मॅडम, एक इचारू? रागावणार नाय ना?"

"विचारा ना, सिस्टर."

"माझ्या बाटल्या किती खराब निघाल्या होत्या वो? तुमच्याकडं लिव्हलेलं असंल."

नळ चालूच होता. मी तो बंद करायला विनाकारण वेळ लावला.

"आता कशाला हवंय ते?"

"नाय, रोज सांजच्याला माफी मागते मी त्या लोकांची. देवापाशी. दीड वरीस झालं. पण किती जणांची मागायची ते ठाव नाय. कुणी एखादा ऱ्हाऊन जायला नको. आकडा कळला तर बरं पडंल."

सत्तेचाळीस बाटल्या, त्यातली एकही नाही. तो कागद माझ्या कपाटात होता, बक्षिसाच्या प्रशस्तिपत्रकाखाली. आत हॉलमध्ये भाकरे मॅडम कुणाला तरी आणखी एक समोसा घ्या म्हणून आग्रह करत होत्या. आमच्या दोघींशिवाय नळावर कुणी नव्हतं. सांगायला त्याहून सोपी जागा मला पुन्हा कधी मिळणार नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

"फार नाहीत, सिस्टर," मी म्हणाले.

"म्हंजे? धा? ईस?"

"नाही, नाही. अगदी थोड्या."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "मी जास्तीच धरून चालले व्हते बघा," त्या म्हणाल्या, "पन्नासाची मागत व्हते. लई बरं झालं सांगितलंत." त्यांनी माझा ओला हात दोन्ही हातांत धरून दाबला, मग सोडला, हात छातीपुढे घेतले आणि तिथंच, नळापाशी, हारासकट डोळे मिटले.

मी थांबले. घड्याळ बघायची गरज नव्हती. ती प्रार्थना किती वेळ चालते, ते मला आता नेमकं माहीत होतं.